पहिल्यांदाच मेंढ्या विणार आहेत ना? मग हे ऐक

घोंगडीच्या काळ्या लोकरीसाठी तू दख्खनी मेंढ्या घेतल्यास, फार बरं वाटलं. मेंढी साधारण 150 दिवसांनी विते. शेवटच्या दीड महिन्यात खुराक वाढव, पोटातलं कोकरू तेव्हाच भरतं.

कोकरू पडलं की नाकातोंडातला चिकटा पूस, पण अंग मेंढीलाच चाटू दे. वासावरूनच ती पिल्लू ओळखते. नाळेला आयोडीन लाव. सडाची पहिली धार काढून टाक, तोंडाशी बूच बसलेलं असतं, आणि तासाभरात चीक, म्हणजे विल्यावरचं पहिलं घट्ट दूध, पाजच. अडीच किलोच्या कोकराला पहिल्या दिवसात पाव लिटर तरी हवा. माझं एक कोकरू चिकाला उशीर झाला म्हणून गेलं, अजून सलतं. वार, म्हणजे कोकरामागून बाहेर पडणारं आवरण, लोंबत असेल तर ओढू नकोस. अर्धा-पाऊण तास जोराच्या कळा देऊनही कोकरू येत नसेल, तर डॉक्टरांना बोलाव.