कायोटीसाठी कुठली रायफल? आधी गोळीचं बोलू

टेक्सासच्या हिल कंट्रीत शेळ्या-मेंढ्यांच्या रँचवर मी हिवाळ्यात कायोटीच्या मागावर जातो. इथल्या मराठी मंडळींना ते कळल्यापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर ठरलेला आहे: "कॅलिबर कुठलं घेऊ?" (कॅलिबर म्हणजे गोळीच्या जाडीचं माप, इंचात: .२२ म्हणजे साधारण ०.२२ इंच.) जनावराला यातना नकोत, हीच बहुतेकांची त्यामागची काळजी असते. त्यातले काही प्रश्न इथे घेतो. उच्चाराबद्दल एक सांगून ठेवतो. पुस्तकात 'कायोटी' असतं, इथले रँचवाले 'कायोट' म्हणतात. मूळ शब्द मेक्सिकोतल्या नाहुआट्ल भाषेतला, 'कोयोट्ल'. आपल्याकडे लोक त्याला सरसकट कोल्हा म्हणून मोकळे होतात, पण नात्याने तो लांडग्याला जास्त जवळचा.

प्रश्न : ऑस्टिनबाहेर आमची पाच एकर जागा आहे, पंधरा-वीस कोंबड्या आहेत. घरात .२२ लाँग रायफल आहे. कायोटीला तेवढी पुरेल ना?

नाही पुरणार. .२२ लाँग रायफलची ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप, सुमारे पंधरा ग्रेन म्हणजे एक ग्रॅम) गोळी नळीतून सेकंदाला साधारण १,२०० फुटांनी निघते. तिची ऊर्जा नळीच्या तोंडाशीच १३०-१४० फूट-पौंड, आणि १०० यार्डांवर (यार्ड म्हणजे मीटरहून थोडं कमी) शंभराच्या खाली. सशाला, खारीला ठीक आहे. कायोटी वजनाने दहा-पंधरा किलोंचा असतो, पूर्वेकडचे तर वीसपर्यंत जातात. वर अंगावर हिवाळी केसांचं जाड पांघरूण. कवटीवर अचूक बसली तर .२२ सुद्धा मारते, पण हलत्या डोक्यावर अंधूक उजेडात नेम धरणं म्हणजे जुगार. जबडा फुटलेला कायोटी पळून जातो आणि आठवडाभर उपाशी मरतो. मी असा एक पाहिला आहे. त्यानंतर या प्रश्नावर मी कुणाशी फार वाद घालत नाही.

.१७ एचएमआर ही काडतुसाची जात २००२ सालची. वेग झकास, सेकंदाला अडीच हजार फूट, पण गोळी अवघी १७ ग्रेनची. खांद्याच्या हाडावर तिचा चुरा होतो. .२२ मॅग्नमची ऊर्जा ३०० फूट-पौंडांच्या वर जाते. जनावर चाळीस-पन्नास यार्डांत उभं असेल तर काम होतं, त्यापलीकडे मी मारणार नाही.

तुमच्यापुढे मात्र वेगळाच प्रश्न आहे. टेक्सासमध्ये शहराच्या हद्दीबाहेरच्या वसाहतींत दहा एकर किंवा त्याहून लहान प्लॉटवर बंदूक चालवायला काउंटी बंदी घालू शकते. आधी काउंटीत चौकशी करा. आणि पंधरा-वीस कोंबड्यांसाठी रायफलपेक्षा रात्री नीट बंद होणारं खुराडं स्वस्त पडतं. जाळी मात्र जमिनीखाली फूटभर पुरा, कायोटी उकरतो.

प्रश्न : .२२३, .२२-२५० आणि .२४३ यांतून निवडायचं आहे. आकडा मोठा म्हणजे ताकद मोठी असं समजू का? मित्र म्हणतो .२२-२५० हीच खरी कायोटी रायफल.

या आकड्यांनी भल्याभल्यांना गंडवलं आहे. .२२३ रेमिंग्टन आणि .२२-२५० रेमिंग्टन या दोन्हींची गोळी एकाच जाडीची, .२२४ इंच. फरक मागच्या पितळी नळकांड्यात म्हणजे केसमध्ये आहे. .२२-२५० ची केस जुन्या .२५० सॅव्हेजची, मान आवळून केलेली. शिकारी आपापल्या वर्कशॉपमध्ये ती बनवत होते, १९६५ मध्ये रेमिंग्टनने तिला कारखान्यात आणलं. तिच्यात दारू जास्त मावते. .२२३ मधून ५५ ग्रेनची गोळी साधारण ३,२४० फुटांनी निघते, तीच गोळी .२२-२५० मधून ३,६८० फुटांनी. ऊर्जेत बोलायचं तर अंदाजे १,२८० आणि १,६५० फूट-पौंड. .२४३ विंचेस्टर १९५५ ची, .३०८ ची मान आवळून केलेली. हिची गोळी खरोखरच जाड असते, आणि ५५-५८ ग्रेनपासून १०० ग्रेनपर्यंत मिळते.

हे आकडे वाचून मित्राचं बरोबर वाटेल. पण कायोटी समोर किती अंतरावर उभा असतो ते बघा. सशाच्या किंकाळीचा कॉल वाजवून त्याला बोलावलं, तर झुडपाळ रानात तो पन्नास ते दीडशे यार्डांत दिसतो. तिथे .२२३ च्या गोळीने छाती साधली तर जनावर जागच्या जागी बसतं. .२२-२५० ने ते आणखी जास्त मरत नाही. .२२३ चं काडतूस स्वस्त, म्हणून माणूस सराव जास्त करतो. धक्का इतका हलका की बार काढल्यावरही जनावर दुर्बिणीतून हलत नाही, गोळी कुठे लागली ते आपल्याच डोळ्यांनी दिसतं. दुसरा बार लागणार असेल तर तो लगेच काढता येतो. जनावराचे हाल वाचवायला याचा जेवढा उपयोग होतो तेवढा जास्तीच्या तीन-चारशे फूट-पौंडांचा होत नाही.

आता दुसरी बाजू. तुम्ही पश्चिम टेक्सासात, न्यू मेक्सिकोत किंवा वायोमिंगच्या माळावर जाणार असाल तर गणित बदलतं. तिथे अंतरं अडीचशे-तीनशेची आणि वारा कायमचा. ताशी दहा मैलांचा आडवा वारा .२२३ च्या ५५ ग्रेनच्या गोळीला २०० यार्डांवर सुमारे चार इंच ढकलतो, ३०० वर नऊ-दहा इंच. कायोटीची छाती, म्हणजे हृदय-फुफ्फुसाचा भाग, चार-पाच इंचांचा. म्हणजे छातीच्या मध्यावर धरलेला नेम पोटात जातो. .२२-२५० ने हा घोटाळा थोडा कमी होतो, .२४३ च्या लांब, जड गोळीने बऱ्यापैकी कमी. माझा कौल असा: पहिली रायफल .२२३, माळरानावरची .२४३. पुढे हरणाची शिकारही करायची असेल तर सरळ .२४३ घ्या, दोन्ही भागतं.

.२०४ रुगरबद्दलही काहींनी विचारलं आहे. २००४ ची, ३२ ग्रेनची गोळी ४,२०० फुटांनी फेकते, मार्ग आखलेल्या रेषेसारखा सरळ. कातडं विकणाऱ्यांना ती आवडते, कारण भोक लहान पडतं. कायोटीसाठी ३२ ऐवजी ४० ग्रेनची घ्या. एवढंच.

प्रश्न : .२२३ ची एआर (एआर-१५ धर्तीची अर्धस्वयंचलित रायफल) आहे. शंभर यार्डांवर बरोबर छातीत मारला, तरी कायोटी उठून पळाला. सापडलाच नाही. कॅलिबर लहान पडलं का?

तुमच्या पत्रात शेवटच्या ओळीत आहे, "रेंजवर वापरतो तीच काडतुसं होती." उत्तर तिथेच आहे. रेंजवरची, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या मैदानावरची, स्वस्त काडतुसं म्हणजे फुल मेटल जॅकेट, शिशावर तांब्याचं अखंड कवच. ही गोळी कागदाला भोक पाडायला असते. कायोटीच्या अंगातून ती पेन्सिल जावी तशी आरपार जाते आणि उरलेली ताकद पलीकडच्या मातीत सोडते. फुफ्फुसाला बारीक भोक पडलेला कायोटी अर्धा मैल पळतो आणि कुठल्या तरी ओहोळात तासाभराने मरतो. शिवाय असली गोळी खडकावर आपटून उसळते, ते वेगळंच.

शिकारीसाठी उमलणारी गोळी लागते. एक प्रकार सॉफ्ट पॉइंटचा, टोकाला शिसं उघडं. दुसरा प्लॅस्टिकच्या टोकाचा, जसं हॉर्नडीचं व्ही-मॅक्स किंवा नॉस्लरचं बॅलिस्टिक टिप. अंगात शिरताच टोक मागे दाबलं जातं, गोळी फुटते किंवा पसरते आणि सगळी ऊर्जा छातीच्या आत खर्च होते. इथेही एक मेख आहे. फारच नाजूक, प्रेरी डॉगसाठी (खारीच्या कुळातला छोटा प्राणी) केलेली हलकी गोळी जवळून खांद्याच्या हाडावर बसली तर वरवर फुटते, मोठी जखम होते आणि आतपर्यंत काही पोचत नाही. म्हणून .२२३ मध्ये ५० ते ५५ ग्रेन. चाळीसच्या खाली मी जात नाही.

आणखी एक गोष्ट तपासा. गोळीला फिरकी देणारे नळीतले आटे किती इंचांत एक वेढा घेतात, ते नळीवर कोरलेलं असतं. एआरमध्ये बहुधा ७, ८ किंवा ९ इंचांत एक, जुन्या बोल्ट रायफलींत (दर बारानंतर हाताने खटका ओढायच्या) १२ इंचांत एक. बारावाल्या नळीला लांब, जड गोळ्या पेलत नाहीत, हेलकावे खात जातात. नळीवर '५.५६' (त्याच मापाचं, जास्त दाबाचं लष्करी काडतूस) कोरलं असेल तर .२२३ ची काडतुसं बिनघोर चालतात. उलट करू नका: .२२३ च्या चेंबरमध्ये (नळीतली काडतूस बसायची जागा) ५.५६ घातलं तर दाब वाढतो.

आणि पुढच्या वेळी बार लागल्यावर जागा डोळ्यात ठेवा, तिथे जा, रक्त शोधा. जनावर सापडलं नाही म्हणजे नेम चुकला असं नसतं.

प्रश्न : एच-१बी वर आहे. मित्राच्या रँचवर जाऊन त्याचीच रायफल वापरायची आहे, विकत घेणार नाही. मग काही अडचण नाही ना?

अडचण आहे, आणि ती कॅलिबरपेक्षा मोठी आहे. केंद्राच्या कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. एच-१बी, एल-१, एफ-१ सगळे त्यात येतात. बाळगणं म्हणजे मालकी नव्हे. मित्राची रायफल हातात घेतली तरी ती 'बाळगणं'च. कायद्यात काही सवलती आहेत. तुमच्या कामाची सवलत अशी: तुमच्याकडे एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर मनाई लागू होत नाही. चालू म्हणजे त्या दिवशी चालू. टेक्सासचं लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं, तुम्ही ते कधीही काढलेलं असो. नूतनीकरण विसरलात तर १ सप्टेंबरला कपाटातली रायफल गुन्हा ठरू शकते आणि त्याचे धागे थेट इमिग्रेशनपर्यंत जातात. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई नाही. राज्याचे नियम वेगळे असतात, म्हणून रायफलीला हात लावण्याआधी इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारा. त्याची फी द्या, कुरकुरू नका.

जाता जाता: २ सप्टेंबर १९७१ किंवा नंतर जन्मलेल्यांना टेक्सासमध्ये हंटर एज्युकेशनचा कोर्सही लागतो.

प्रश्न : सासऱ्यांची .३०-०६ घरात आहे. मोठी गोळी म्हणजे झटपट मरण, हे तरी खरं ना?

गोळी जागेवर लागली तर खरं. पण तिचा धक्का .२२३ च्या पाच-सहा पट. सवय नसलेला माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो, खांदा चोरतो आणि मोठी गोळी पोटात बसते. तुम्हाला ती शांतपणे चालवता येत असेल तर खुशाल वापरा. मागे टेकडी किंवा बांध आहे ना, तेवढं पाहा. ती गोळी फार लांब जाते.

प्रश्न : काका, किती लांबून मारलं तर चालतं? रेंजवर ३०० यार्डांवर माझे बार छान बसतात.

रेंजवर टेबल असतं, वाळूची पिशवी असते, आणि कागद पळत नाही. घरी चार-पाच इंचांची कागदी बशी घे. रानात ज्या बैठकीत बसणार, म्हणजे मांडी घालून, शूटिंग स्टिकवर रायफल टेकवून, तसा बस. पाच बार काढ. पाचही ज्या अंतरावर बशीत बसतात ती तुझी हद्द. बहुतेकांची दीडशेच्या आत निघते. माझी दोनशेच्या अलीकडे आहे आणि वय वाढतंय.

रायफल २०० यार्डांना जुळवून ठेव, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमावरच बसेल अशी. .२२३ ची ५५ ग्रेनची गोळी मग १०० वर दीड इंच वर बसते, ३०० वर सात इंच खाली. म्हणजे दोनशेपर्यंत जिथे मारायचं तिथेच धर, बाकी हिशेब नको.

जनावर आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात. समोरून येत असेल तर थांबू दे आणि छातीच्या मध्यात. पाठमोरं असेल तर मारूच नको. पळणारंही नको. तोंडाने 'वुफ' असा कुत्र्यासारखा आवाज काढलास तर कायोटी बहुधा क्षणभर थबकतो, तोच क्षण. तो वाऱ्याच्या खालच्या अंगाला वळसा घालून येतो, म्हणून बसताना ती बाजू मोकळी ठेव. आणि तो कायोटीच आहे ना, हे चाप ओढण्याआधी. ॲरिझोना-न्यू मेक्सिकोत मेक्सिकन लांडगा आहे, नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्वेला तांबडा लांडगा. दोन्ही संरक्षित. आणि शेजाऱ्याचा जर्मन शेफर्ड तर सगळीकडेच आहे.

प्रश्न : फ्रेझ्नोला राहतो. इथे शिसं चालत नाही म्हणतात?

१ जुलै २०१९ पासून कॅलिफोर्नियात बंदुकीने कुठलंही वन्य जनावर मारायला शिसं नसलेलीच गोळी लागते, कायोटीलाही. मेलेल्या जनावरातले शिशाचे कण खाऊन काँडॉर गिधाडं मरत होती. १९८२ मध्ये ती जेमतेम २२ उरली होती. तांब्याच्या गोळ्या घ्या. तांबं हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते. १२ इंची आट्यांची नळी असेल तर हलकीच निवडा.

प्रश्न : आमच्याकडे संगमनेरला कोल्हे मक्याची कणसं खातात. असंच काही करता येईल का?

नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकार बंद आहे आणि कोल्हा संरक्षित आहे. नुकसान झालं तर वनखात्याकडे जा. हा लेख अमेरिकेपुरता.

प्रश्न : नवऱ्याने रँचच्या शेजारी जागा घेतली आहे आणि एप्रिलपासून कायोटीच्या मागे लागला आहे. दिसला की मारतो. मला पटत नाही, पण मला बंदुकीतलं काही कळत नाही.

बंदुकीतलं कळायची गरज नाही, ताई, महिना बघा. कायोटी जानेवारी ते मार्चमध्ये जुळतात, पिल्लं एप्रिल-मेमध्ये होतात, एका वेळी बहुधा चार ते सात. एप्रिलमध्ये मारलेली मादी दूध पाजणारी असू शकते. तिला .२२-२५० ने क्षणात मारलं तरी बिळातली पिल्लं चार दिवस मरत राहतात. शेळीचं करडू उचलणारा नेमका कायोटी असेल तर तो वेगळा विषय, तिथे मीही थांबत नाही. पण दिसेल तो मारून संख्या घटत नाही. जोडी फुटली की तरणी जनावरं शिरतात आणि मोकळी जागा मिळाली की वेताला पिल्लं जास्त जगतात. मेंढ्यांच्या मागे न जाणारी जोडी हद्द राखून असेल, तर ती बाहेरच्या उपद्रवी कायोटींना शिरू देत नाही.

शेजारच्या रँचवाल्याला विचारा, त्याचं जनावर गेलंय का. गेलं नसेल तर नवऱ्याला सांगा, रायफल ऑक्टोबरपर्यंत कपाटात ठेव. गेलं असेल तर आधी राखणीच्या ग्रेट पिरेनीज कुत्र्यांची जोडी आणा. ही कुत्री कळपातच वाढवायची, घरात लाडावून ठेवली की कामाची राहत नाहीत. आमच्या एका रँचवर तर लामा (उंटाच्या कुळातला प्राणी) ठेवला आहे. तो माझ्यावरही थुंकतो, पण दोन हिवाळे झाले, तिथून मला बोलावणं आलेलं नाही.