त्रास घरी होतो, मग कामाचा काय संबंध?

प्रश्न: मी ६ वर्षं बेकरीत पीठ मळायच्या मशीनवर आहे. वर्षभरापासून रात्री खोकल्याने जाग येते, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. कामावर असताना फक्त शिंका आणि नाक गळणं, म्हणून सगळे म्हणतात घरातली धूळ असेल. ब्रेड खाऊन तर मला काहीच होत नाही.

उत्तर: सगळे म्हणतात ते म्हणू देत, मला मात्र पिठाचाच संशय येतोय. श्वासातून पीठ आत गेलं की काही जणांना दम्याचा झटका लगेच न येता ४ ते ८ तासांनी येतो, तोवर माणूस घरी पोचून झोपलेला असतो आणि मग बिचारी उशी-गादी बदनाम होते. ब्रेड पचतो म्हणजे पीठ नाकातून गेलेलंही चालतं असं नाही, भाजलेलं पोटात जाणं वेगळं आणि कच्चं फुफ्फुसात जाणं वेगळं. ५ वर्षं काही झालं नाही यातही नवल नाही, ही अ‍ॅलर्जी अंगात मुरायला महिने, कधी कधी वर्षं लागतात आणि बऱ्याचदा आधी नाकच कुरकुर करतं.

आता एक सांगा, सलग आठवडाभर सुटी घेतली तेव्हा बरं वाटलं होतं का? डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतील. नोकरी मात्र तपासणीआधी सोडू नका, काम चालू असतानाच निदान नीट होतं. पीक फ्लो मीटर (फुंकर किती जोराची आहे ते मोजणारं छोटं यंत्र) घ्या, दिवसातून ४ वेळा जोरात फुंकायचं, दर वेळी ३ फुंका आणि त्यातला मोठा आकडा वहीत, असं किमान २ आठवडे, सुटीचे दिवस धरून. त्रास जास्त असेल तर अर्थात वहीची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.

तोवर गोणी उंचावरून मशीनमध्ये ओतू नका, तोंड खाली टेकवून हळू सोडा. रिकामी गोणी झटकायची नाही. मशीनवर झाकण हवं, सुरुवात कमी स्पीडने, आणि कोरडा झाडू बंद. फडकं बांधून काही होत नाही, एन-९५ वापरा, तोही दाढीवर नीट बसत नाही हे लक्षात असू द्या. अ‍ॅलर्जी पक्की ठरली तर थोडंसं पीठही पुरतं, मग मालकाशी दुसऱ्या विभागाबद्दल बोलावंच लागेल, कारण लवकर बाजूला झालेल्यांचा दमा सुधारायची शक्यता जास्त असते.

आणि हे फक्त बेकरीचं नाही. मोठेपणी सुरू होणाऱ्या दम्यात साधारण ६ पैकी एकात कामाचा हात असतो. गाड्यांना स्प्रे पेंट मारणारे, पार्लरमध्ये केसांचं ब्लीच कालवणारे, लाकूड कापणारे, सोल्डरिंगवाले, सगळे यात येतात.

प्रश्न: मी ऑफिसं साफ करते. ब्लीचमध्ये टॉयलेटचं अ‍ॅसिड मिसळलं की डाग लवकर जातात, पण दम कोंडतो. मास्क लावू का?

उत्तर: मास्क राहू दे, आधी मिसळणं बंद करा, आजच! त्यातून क्लोरीन वायू निघतो. एकदाच भरपूर छातीत गेला तरी २४ तासांत दम्यासारखा त्रास सुरू होऊन महिनोन्महिने टिकू शकतो.