मधुमेहींची जखम : हळद, मध आणि अँटिबायोटिक

प्रश्न : आमच्या आईला मधुमेह आहे. तिच्या तळपायाची जखम तीन आठवडे भरलेली नाही, म्हणून डॉक्टरांनी अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या आहेत. हळदीतील कर्क्युमिन प्रयोगशाळेत जंतू मारते असे वाचले. अमेरिकेत हळदीवर पेटंटही घेतले गेले होते म्हणे. मग गोळ्या थांबवून हळद किंवा मध लावला तर चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : गोळ्या परस्पर थांबवू नका.

कर्क्युमिन प्रयोगशाळेत अनेक जंतूंची वाढ रोखते, हे खरे आहे. परंतु तेथे ते विद्रावकात विरघळवून, हव्या त्या तीव्रतेने, थेट जंतूंवर सोडलेले असते. हळदीत कर्क्युमिन वजनाच्या साधारण ३ टक्केच असते, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि पोटात गेल्यावर आतडे व यकृत त्याचे इतक्या झपाट्याने रूपांतर करतात की रक्तात फारच थोडे पोहोचते. शिवाय ते अनेक प्रथिनांशी प्रक्रिया करते आणि स्वतः प्रकाशमान होते, त्यामुळे प्रयोगशाळेतील चाचण्यांत काही वेळा फसवा होकार मिळतो. २०१७ मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’त प्रसिद्ध झालेल्या आढाव्याने माणसांवरील शंभराहून अधिक चाचण्यांचा उल्लेख करून, दुहेरी-अंध पद्धतीची (कोणाला काय दिले हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही ठाऊक नसलेली), प्लासिबोशी म्हणजे औषध नसलेल्या बनावट गोळीशी तुलना करणारी एकही चाचणी यशस्वी ठरलेली नाही, असा निष्कर्ष काढला.

पेटंटची गोष्ट वेगळी आहे. जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या संशोधकांना १९९५ मध्ये मिळाले आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआर या भारत सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने आव्हान दिल्यावर १९९७ मध्ये ते रद्द झाले. हा उपयोग भारतात आधीपासून ज्ञात होता, एवढेच त्यात सिद्ध झाले. हळद किती गुणकारी आहे, हा त्या वादाचा विषयच नव्हता.

मधाची बाजू मात्र अधिक भक्कम आहे. त्यातील साखर जंतूंमधील पाणी शोषून घेते, त्याची आम्लता जंतूंना मानवत नाही आणि तो जखमेतील स्रावाने पातळ झाला की त्यातील विकर (एन्झाइम) हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. न्यूझीलंडच्या मानुका मधात मेथिलग्लायॉक्सल हे आणखी एक जंतुनाशक द्रव्य असते. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यानुसार वरवरचे भाजलेले व्रण मधाने नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा चार-पाच दिवस लवकर भरतात, पण मधुमेहींच्या पायाच्या जखमांबाबत पुरावा अपुरा ठरला. रुग्णालयातील मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, कारण साध्या मधात क्लोस्ट्रिडियम या घातक जंतूचे बीजाणू (सुप्तावस्थेतील टणक रूप) असू शकतात. घरच्या बरणीतील मध किंवा बाजारातील हळदपूड उघड्या जखमेत भरू नये.

नैसर्गिक म्हणून कमी प्रभावी, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पेनिसिलिन बुरशीपासूनच मिळाले आणि पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये ते १९५० च्या दशकापासून तयार होऊ लागले. मलेरियावरचे आर्टेमिसिनिनही वनस्पतीतूनच आले. मात्र दोन्ही शुद्ध करून, त्यांची मात्रा ठरवून आणि रुग्णांवर पारखून मगच औषधे झाली.

आईच्या बाबतीत गोळ्यांइतकेच तळव्यावरचा भार कमी करणे, साखर आटोक्यात ठेवणे आणि पायाचा रक्तपुरवठा तपासून घेणे गरजेचे आहे. वैद्यकीय मधाचे ड्रेसिंग जोडीला चालेल का, हे त्याच डॉक्टरांना विचारा. लाली पसरली, दुर्गंधी आली, कातडी काळी पडली किंवा ताप भरला, तर वेदना नसली तरी त्याच दिवशी दाखवा, कारण मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते.