आधी सांग, प्रश्न कुणाचा?

पोरी,

रविवारी खानापूरहून पहिल्या गाडीनं आलीस, लॅपटॉप उघडलास आणि म्हणालीस, "काका, सी भाषेतला प्रोग्रॅम चालेना." काय चालेना विचारलं, तर "काहीच." डोळे भरून आले होते तुझे, म्हणून तिथं बोललो नाही. आता बोलतो.

हेच वाक्य तू चौघांना सांगून आली होतीस. सर म्हणाले, लॉजिक कच्चं आहे. गणिताच्या बाईंनी वर्गमूळ तपासून बरोबरची खूण केली. रिपेअरीच्या दुकानातल्या मुलानं पैसे घेऊन उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टीम पुन्हा बसवून दिली. पुण्याचा मावसभाऊ म्हणाला, सी सोड, पायथन कर. चौघंही खोटं बोलले नाहीत गं. प्रश्न त्यांचा नव्हताच.

पडद्यावर स्वच्छ लिहिलं होतं: 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी', आणि खाली एलडी. एलडी म्हणजे लिंकर, प्रोग्रॅमचे तुकडे जोडणारा. मॅथ डॉट एच तू घेतली होतीस, पण ती हेडर फाइल फक्त सांगते की एसक्यूआरटी नावाचं वर्गमूळ काढणारं फंक्शन आहे आणि ते कसं बोलवायचं. त्याचं खरं काम गणिताच्या लायब्ररीत असतं आणि ती जोडायला लिंकरला सांगावं लागतं. जीसीसी म्हणजे तुझा कंपायलर, सी मशीनच्या भाषेत उतरवणारा. त्याच्या कमांडमध्ये फाइलच्या नावानंतर '-एलएम' लिहिलं आणि चाललं. अर्धं मिनिट. त्यासाठी तुझे नऊ दिवस गेले.

प्रश्न कुणाचा, ते आधी ठरव. जीसीसी सापडतच नसेल तर तो मशीनचा प्रश्न, दुकानातल्या मुलाकडे जा. कंपायलर ओळीचा नंबर देऊन अडत असेल तर तो भाषेचा, सरांकडे जा. लिंकर अडला तर जोडणीचा. सगळं चालून उत्तरच चुकत असेल, तर कुणाकडे जाण्याआधी कागद घे आणि तेच गणित हातानं कर. कागदावरही चुकलं तरच बाईंकडे.

बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, मी अकरा वर्षं लेथवर होतो. कास्टिंगला, म्हणजे ओतीव तुकड्याला, ब्लोहोल म्हणजे हवेचं भोक निघालं तर जॉब फाउंड्रीत परत जायचा. बोअरला टेपर आला, म्हणजे आतलं भोक एका टोकाला निमुळतं झालं, तर तो माझा. ड्रॉइंगमध्येच माप चुकलेलं असेल तर ऑफिसात. "जॉब बिघडला" असं शेडमध्ये ओरडत कुणी फिरत नव्हतं, कारण आधी विचारायचे, कुणाचा?

हे मला लेथवर कळत होतं आणि कॉम्प्युटरवर कळलं नाही, याची खंत आजही आहे. 2003 मध्ये संध्याकाळच्या एका क्लासला सी शिकत होतो. पाच भागिले दोन केलं की दोन यायचं. मी विचारलं कुणाला? तिथं हिशेबाचं पॅकेज शिकवणाऱ्या माणसाला. तो म्हणाला, "हे तुझ्या डोक्यात शिरायचं नाही." मी मानलं. चार वर्षं कीबोर्डला हात लावला नाही. दोन्ही पूर्णांक असले की सी अपूर्णांक टाकून देते, एवढंच होतं ते. एका ओळीसाठी चार वर्षं! तो उद्धट होता, पण सीचा प्रश्न हिशेबवाल्याच्या दारात मीच नेला होता.

म्हणून मी पोरांना दारातून परत पाठवतो. कडक म्हणतात मला. म्हणू देत. मला सांगणारं कुणी असतं तर ती चार वर्षं माझी राहिली असती. आणि पाठवलेली पोरं परत येतातच की, नीट प्रश्न घेऊन.

मैत्रिणी कन्नड बोलतात, सर इंग्रजी, तू मराठी शाळेतली, म्हणून गप्प बसतेस, तेही कळलं मला. विचार कुठल्याही भाषेत, मोडकं कन्नड चालतंय. पण एररचं भाषांतर करू नकोस. अक्षरन् अक्षर जसंच्या तसं दाखव. "काहीतरी लाल आलं" हे कुठल्याच भाषेत कुणाला कळत नाही.

तुझी दुसरी फाइल पाहून ठेवली आहे, सीनियरनं दिलेली. वर कोनिओ डॉट एच ही हेडर आहे, आत सीएलआरएससीआर, पडदा पुसणारं फंक्शन. ती टर्बो सी या जुन्या कंपायलरच्या काळातली, आणि तू चालवतेस उबुंटूवर. हा प्रश्न कुणाचा, ते वहीत लिहून रविवारी ये. उत्तर चुकलं तरी काकू चहा ठेवेल. वही कोरी असली तर चहा पाजून परत पाठवीन.

तुझा,
काका