नाशिकमध्ये छोटी आर्ट गॅलरी काढायची आहे. आजूबाजूच्या लोकांशी ती कशी जोडावी, आणि असे उपक्रम परवडतात का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, 'जुन्या नाशकात जागा बघतोय, तिथल्या सामान्य लोकांमध्ये कलेची आवड निर्माण करायची आहे.' हे वाक्य आधी खोडा. आमच्या भागातल्या लोकांना चित्राची आवड नाही असं ज्याला वाटतं, त्याने एक दिवस माझ्या दुकानात येऊन बसावं.

भांडी बाजाराच्या अलीकडे आमचं फ्रेमचं दुकान आहे. अण्णांनी काढलं, आता मी बघते. लोक काय काय घेऊन येतात सांगू? लग्नाचा फोटो, बाबासाहेब, सावरकर, सप्तशृंगीची देवी, गेलेले आजोबा, पोराचं चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेचं सर्टिफिकेट, आजीच्या फाटलेल्या पैठणीचा पदर. पट्टी सोनेरी घ्यायची की काळी यावरून नवरा-बायको काउंटरवर भांडतात. माउंट, म्हणजे फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, पांढरा की क्रीम यावर अर्धा तास घालवतात आणि मग उद्या येतो म्हणून निघून जातात. ही आवड नाही तर काय आहे?

आता गॅलऱ्यांकडे येते. शहरातल्या बऱ्याच प्रदर्शनांच्या फ्रेमा आमच्याकडून गेल्यात. चित्रं टांगायलाही आम्हीच जातो, त्यामुळे उद्घाटनाच्या आदल्या रात्रीची गॅलरी मला चांगली माहीत आहे. 'लोकसहभाग' म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात रंगभरण स्पर्धा येते. रविवारी आया पोरांना आणून सोडतात, पोरं छापील गणपती रंगवतात, नगरसेवक बक्षिसं देतात, फोटो निघतो. त्यातली एकही आई पुन्हा गॅलरीचा जिना चढत नाही. दुसरा प्रकार भिंती रंगवण्याचा. २०२७ चं सिंहस्थ तोंडावर आहे, आता बघालच, प्रत्येक संस्था ब्रश घेऊन पुलाखाली उभी असेल. रंगवा, वाईट दिसत नाही. पण ज्याच्या भिंतीवर साधू काढलात त्याला विचारलंत का, तुझ्या भिंतीवर काय हवं म्हणून?

आमच्या गल्लीतल्या गॅलरीचं सांगते. नाव घेणार नाही. एका वाड्याच्या पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, चालवणारे एक ज्येष्ठ चित्रकार, सगळे त्यांना सर म्हणतात. माणूस हाडाचा कलावंत, जलरंग तर असा टाकतात की कागद ओला वाटतो. पण डोक्यात कायम मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी. आता जहांगीर १९५२ पासून उभी आहे काळ्या घोड्याला, शेजारी म्युझियम, समोर कॉलेज, आजूबाजूला ऑफिसं. येणारा-जाणारा सहज आत डोकावतो. आणि तिथेही अर्धे लोक सामोवारच्या चहाला यायचे. ते कॅफे १९६४ ला सुरू झालं आणि २०१५ ला बंद झालं, तेव्हा मुंबईचे चित्रकार किती हळहळले होते! आमच्या सरांच्या गॅलरीत बसायला एक खुर्ची नव्हती. मी एकदा म्हटलं, सर, दोन खुर्च्या ठेवा. तर म्हणाले, "ताई, लोक चित्रासमोर उभं राहायला शिकले पाहिजेत."

आमचा वाद तिथूनच सुरू झालेला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये गंगेला पूर आला. (बाहेरच्यांसाठी: आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो.) घाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली म्हणजे बाजारात पाणी येणार हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. २००८ ला आलं होतं, २०१६ ला आलं होतं, तसंच पुन्हा आलं. पाणी ओसरलं आणि दुकानासमोर रांग लागली. सगळ्यांच्या हातात ओल्या फ्रेमा.

इथे थोडं कामाचं सांगते, कारण हे कोणी लिहीत नाही. जुन्या फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो, चित्र त्यात असतं. पाणी लागलं की तो मऊ होतो, आणि वाळताना काचेला चिकटून बसतो. पूर्वी लोक माउंटचे पैसे वाचवायचे. माउंट नसला की फोटो थेट काचेला टेकतो, त्यामुळे असेच फोटो जास्त गेले. अजून ओला असेल तर स्वच्छ गार पाण्यात ठेवून हळूच सुटतो का बघता येतं. एकदा वाळला की ओढायचा नाही. ओढलात तर आजोबांचं नाक काचेवर आणि कान कागदावर. तो काचेसकटच जपायचा, आणि काचेतूनच स्कॅन करून नवीन प्रिंट काढायची. मी शेजारच्या स्टुडिओवाल्याला हाताशी धरलं आणि तेच करत सुटले.

पण मग नवीनच पेच पडला. नवी प्रिंट लोक घेऊन जायचे, जुनी काच-फोटो नको म्हणायचे. तडा गेलेली काच घरात ठेवत नाहीत. देवाचा फोटो असेल तर पिंपळाच्या पारावर ठेवून येतात, पण आजोबांना पारावर कसं ठेवणार? "राहू द्या तुमच्याकडेच," म्हणायचे आणि जायचे. माझ्या पोटमाळ्यावर गल्लीतले सगळे पूर्वज गोळा झाले. कोणाच्या छातीपर्यंत चिखलाची रेघ, कोणाचा फेटा विरघळलेला, एका बाईंची फक्त नथ आणि कपाळ शिल्लक. मी एका संध्याकाळी ते ओळीने भिंतीला टेकवून ठेवले, आणि मला वाटलं, हे लागले पाहिजेत. एखाद्या भिंतीवर, नीट प्रकाशात.

सरांना विचारलं. सर म्हणाले, "ही गॅलरी आहे, श्राद्धाचा हॉल नाही."

मला राग आला तो आलाच, पण त्याच वाक्यात मला तारीखही सापडली. गॅलरीवाल्यांना माहीत आहे, पितृपक्षात सहसा कोणी चित्रकार प्रदर्शन लावत नाही. शुभकार्य नाही, उद्घाटन नाही, विक्री नाही. ते पंधरा दिवस भिंती मोकळ्या आणि भाडं चालू. मी म्हटलं, सर, नाहीतरी गॅलरी रिकामी आहे, तुम्हीच म्हणताय श्राद्धाचा हॉल, मग लावू की पितृपक्षातच. सरांच्या सूनबाई हिशोब बघायच्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, बाबा, लाइटचं बिल मी देते.

सगळ्या घरांना विचारून, हो म्हणाले त्यांचेच फोटो लावले. खाली छोटी चिठ्ठी: नाव, आळी, पाणी घरात कुठपर्यंत आलं. पत्रिका नाही, पाहुणे नाहीत. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत शुकशुकाट. मग एक आजी नातवाचा हात धरून जिना चढून आल्या आणि पहिल्याच फोटोशी थांबल्या. "हे बापू नाहीत, बापूंचे थोरले. बापूंच्या गालावर तीळ होता." मी त्यांच्या हातात पेन्सिल दिली. चिठ्ठी खोडून त्यांनी नवी लिहिली. दुसऱ्या दिवसापासून दोरीला पेन्सिल बांधून ठेवली, आणि पंधरवडा संपेपर्यंत चिठ्ठ्यांवर इतकी दुरुस्ती झाली की मूळ अक्षर दिसेना. कोण कोणाचा मामा, कोण तालमीत होता, रंगपंचमीला रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या हौदात) पहिली उडी कोण मारायचं, कोणाचं दुकान जुन्या पुरात गेलं ते परत उभं राहिलंच नाही. असं भांडत-भांडत लोक तिथे तासन्‌तास थांबले. खुर्च्या लोकांनीच घरून आणल्या.

सरांचे हाल झाले हे खरं. दारात चपलांचा ढीग, कारण फोटोंमध्ये गेलेली माणसं म्हटल्यावर पायताण घालून कोण आत येणार? कोणीतरी काचेवर कुंकू लावलं. कोणी हार आणला. सर म्हणाले, हार खिळ्याला पेलणार नाही, भिंत खराब होईल. भांडणच झालं असतं, पण एका तांबटकाकांनी दुकानातून तांब्याची परात आणून मधोमध ठेवली, फुलं यात वाहा म्हणाले. प्रश्न मिटला.

एक गोष्ट मात्र सरांनीच दाखवली, मला ती दिसली नव्हती. काही फोटो कृष्णधवल असून वर हाताने रंग चढवलेला होता, ओठाला, फेट्याला, शालूच्या काठाला. सर काचेला नाक लावून बघत राहिले. मग म्हणाले, हे आमच्या गुरुजींच्या पिढीचं काम, चित्रं खपायची नाहीत तेव्हा स्टुडिओत फोटो रंगवून घर चालवायचे. त्यानंतर तासभर ते लोकांना कुठे रंग पातळ घेतलाय, कुठे ब्रश फिरलाय ते दाखवत होते आणि लोक ऐकत होते. चित्र कसं बघावं हे सर आयुष्यभर शिकवू पाहत होते. त्या दिवशी शिकवलंसुद्धा, पण आजोबांच्या फेट्यावरून.

सर्वपित्रीला संपलं. पेपरात बातमी आली, 'गॅलरीचा अभिनव उपक्रम', सरांचा फोटो. दुकानाचं नाव कुठेच नाही. असू दे.

पुढे काय झालं, तर क्रांती वगैरे झाली नाही. नंतरचं प्रदर्शन मुंबईच्या एका अमूर्त चित्रकाराचं होतं. गल्लीतले चार लोक चढून आले आणि सरळ विचारलं, हे काय काढलंय. त्यांना ते आवडलं नाही आणि चित्रकारांना ते विचारणं आवडलं नाही. पण चढून आले ना! त्याच तांबटकाकांनी मग शाळेच्या पोरांसाठी हंडा, बंब, तपेली आणून मांडली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला समोर वस्तू मांडून चित्र काढायचा पेपर असतो, आणि दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून पोरं त्याला बसतात. काका पोरांच्या मागे उभे राहून म्हणायचे, "हंड्याची मान अशी नसते रे, असा हंडा कलंडेल." ड्रॉइंगच्या मॅडमना आधी राग यायचा, मग त्याच त्यांना बोलवायला लागल्या. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. ज्याला जे येतं त्यासाठी त्याला बोलवा, प्रेक्षक म्हणून बोलवू नका. आणि आधी खुर्ची ठेवा.

अजून एक. नाशिकचा प्रत्येक चित्रकार गोदाघाट रंगवतो. शिवाजी तुपेंसारख्यांनी तो जलरंगात कुठल्या कुठे नेला. ती चित्रं मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यात जातात. घाटावर फुलं विकणाऱ्या मावशी चित्रात असतात, चित्र बघायला नसतात. तुमची गॅलरी निघाली तर घाटाच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन लावाल तेव्हा आधी त्यांना बोलवा, मग मंत्र्यांना.

परवडतं का, असं विचारलंत. त्या पंधरवड्यात गॅलरीला दमडी मिळाली नाही. मला मिळाली. लोकांनी नव्या फ्रेमा टाकल्या, यावेळी माउंटसकट. सर अजून ऐकवतात, "उपक्रम माझा, धंदा तुझा." मी म्हणते, झाला तर झाला. शेजारच्याचा धंदा वाढला की तो तुमच्या गॅलरीकडे लक्ष ठेवतो, रात्री कुलूप ओढून बघतो, पार्सल उतरवून घेतो, पावसात छतावर ताडपत्री टाकायला पोरगा पाठवतो. याचा हिशोब कुठल्या रकान्यात मांडायचा ते तुमच्या सीएला विचारा. चित्रं विकायला तुम्हाला कॉलेज रोड, गंगापूर रोडवरचे बंगलेवाले, डॉक्टर, हॉटेलवाले लागतीलच. गल्ली चित्रं विकत घेणार नाही. हे सुरुवातीलाच पचवा, म्हणजे नंतर गल्लीवर चिडणार नाही.

हे सगळं जुन्या नाशकापुरतं. इथे लोक एकमेकांच्या आज्यांना ओळखतात. इंदिरानगरला, सिडकोत किंवा गंगापूर रोडच्या सोसायटीत तुम्ही पूर्वजांचे फोटो लावलेत तर कोण कोणाला ओळखणार? तिथे काही वेगळं सुचावं लागेल, ते मला विचारू नका. आणि फोटो लावणारच असाल तर घरच्यांची परवानगी लेखी घ्या, भाऊबंदकीत एक हो म्हणतो आणि दुसरा येऊन फोटो उतरवतो. मूळ फोटोवर उन्हाची तिरीप किंवा जवळून फोकस लाइट नको, उरलासुरला रंगही उडेल. शक्यतो प्रिंट लावा, मूळ आत ठेवा.

आणि पत्रिका छापायला टाकाल तेव्हा ध्वनी, मंडप, अल्पोपाहार यांच्यासोबत फ्रेम कोणी केल्या तेही छापा. नुसतं 'फ्रेमवाल्या ताई' नको, आडनावासकट.