'शिष्ट' म्हणजे कौतुक की टोमणा?

प्रश्न असा आलाय की नवीन ऑफिसात महिनाभर झाल्यावर एका ताईंना सहकारी म्हणाली "तू फारच शिष्ट आहेस बुवा", घरी येऊन शब्दकोश उघडला तर तिथे सभ्य, सुसंस्कृत असं छान छान लिहिलेलं, मग खूश व्हायचं की रागवायचं?

ताई, टोमणाच आहे तो. शब्दकोश खोटं बोलत नाहीये, पण तो जुना अर्थ आता फक्त जोडशब्दांत टिकलाय, शिष्टाचार, राजशिष्टाचार, शिष्टमंडळ वगैरे. शिष्टमंडळ मंत्र्यांना भेटलं म्हटल्यावर नाक वर करून बसलेली पाच माणसं कुणाच्या डोळ्यासमोर येत नाहीत. एकटा 'शिष्ट' मात्र घसरला तो घसरलाच. लग्नात हाक मारली तरी नुसती मान हलवून पुढे जाणारी बाई शिष्ट, लिफ्टमध्ये मोबाईलमध्ये डोकं घालून उभा राहणारा शिष्ट (बिचारा लाजाळूही असेल, पण तेवढं कोण बघतं).

गंमत म्हणजे पतंजलीने महाभाष्यात, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरच्या ग्रंथात, शिष्ट कोण ते सांगताना 'कुंभीधान्य' म्हटलंय, म्हणजे घरात मडकंभर धान्य एवढाच साठा, पुढे 'अलोलुप', म्हणजे हाव नसलेला, आणि त्यापुढचा शब्द मला फार आवडतो, 'अगृह्यमाणकारण', ज्याच्या चांगल्या वागण्यामागे काही हेतू दिसत नाही असा. आपण नेमकं उलटं करतो, कुणी जरा जास्तच नीट वागलं की आधी हेतू शोधतो.

'संभावित'चंही तेच झालं. गीतेत 'संभावितस्य चाकीर्तिर्मरणादतिरिच्यते', संभाविताला अपकीर्ती मरणाहून वाईट, तिथे संभावित म्हणजे मानी, प्रतिष्ठित माणूस, आणि मराठीत संभावित म्हणजे वरून सज्जन आतून लबाड. 'मानभावी'ची गोष्ट तर जास्त वाईट. मानभाव हे महानुभावचंच बोलीतलं रूप, चक्रधरस्वामींचा तेराव्या शतकातला पंथ, अहिंसा कडक पाळणारे लोक. 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' ही म्हण नीट ऐका, ती टोमणा मारता मारता कबूल करते की त्यांचं बोलणं गोड होतं, पण लोकांनी तो गोडवाच ढोंग ठरवला आणि अख्ख्या पंथाचं नाव शिवीसारखं वापरात आलं. मी हा शब्द लिहिताना जरा अडखळतोच आता.

तरी फरक आहे बरं का. शायनिंग मारणारा उघड मारतो, भाव खाणारा आपली किंमत वाढवायला बघतो, दोघंही परवडले. मानभावी कसा, तर आमच्या सोसायटीच्या गणपतीत एक काका आहेत, "अरे देणगीदारांच्या बोर्डावर माझं नाव कशाला, काय गरज होती" असं चार जणांना सांगतात, आणि पाचव्याला हळूच बाजूला घेऊन सांगतात की आडनावातली वेलांटी चुकलीय तेवढी दुरुस्त कर. शिष्ट माणूस एवढी मेहनत घेत नाही, तो नुसता गप्प असतो, बाकीचं सगळं बघणारे भरतात.

तुमच्या वाक्यात 'फारच' आणि 'बुवा' आहे, कौतुकाच्या वाक्याला ही शेपटं लागत नाहीत. त्यातल्या त्यात बरं म्हणजे तोंडावर बोलली. संभावित म्हटलं असतं तर तुमच्या पाठीमागेच म्हटलं असतं.