जर्मन मुष्टियोद्धा मॅक्स श्मेलिंग यांची कारकीर्द कशी होती?

मॅक्स श्मेलिंग (१९०५–२००५) हे हेवीवेट गटातले जर्मनीचे पहिले जगज्जेते. १२ जून १९३० रोजी न्यूयॉर्कमध्ये जॅक शार्की यांनी कमरेखाली ठोसा मारल्यामुळे ते बाद ठरले आणि विजेतेपद श्मेलिंग यांना मिळाले. दोन वर्षांनी शार्की यांनीच ते गुणांवर हिरावून घेतले, आणि तो निकाल आजही अनेकांना अन्यायाचा वाटतो.

श्मेलिंग यांची खरी थोरवी मात्र १९ जून १९३६ च्या लढतीत दिसते. तोवर अपराजित असलेल्या जो लुईस यांच्या लढतींच्या चित्रफिती बारकाईने पाहताना, डाव्या हाताचा ठोसा मारल्यावर लुईस तो हात खाली आणतात, हे त्यांनी हेरले होते. नेमक्या त्याच फटीतून उजव्या हाताचे ठोसे लगावत त्यांनी बाराव्या फेरीत लुईस यांना चीतपट केले. १९३८ मध्ये लुईस यांनी पहिल्याच फेरीत, अवघ्या दोन मिनिटांत त्याची परतफेड केली.

नाझी राजवटीने श्मेलिंग यांच्या विजयाचा प्रचारासाठी वापर केला, परंतु ते नाझी पक्षाचे सदस्य झाले नाहीत, जो जेकब्स या ज्यू व्यवस्थापकाची साथ सोडण्यासही त्यांनी नकार दिला. नोव्हेंबर १९३८ च्या ज्यूविरोधी हिंसाचारात त्यांनी दोन ज्यू मुलांना हॉटेलातील आपल्या खोलीत लपवले. माझ्या मते कोणत्याही विजेतेपदापेक्षा हे मोठे आहे. १९४८ मध्ये निवृत्त झाल्यावर ते कोका-कोलाच्या व्यवसायात स्थिरावले आणि लुईस यांचे स्नेही म्हणून त्यांना अडचणीत आर्थिक मदतही करत राहिले.